गडद निळा की ऑफव्हाइट? एका ओरखड्याने बदललेलं मत

खुर्चीची पाठ घासून निळ्या भिंतीवर नखाएवढा ओरखडा उठला. उरलेल्या डब्यातलाच रंग नीट ढवळून ब्रशने अलगद लावला. वाळल्यावर ओरखडा गेला, पण त्या जागी तळहाताएवढा डाग उमटला. समोरून जेमतेम दिसतो, बाजूने पाहिलं की डोळ्यांत भरतो. भिंत रोलरने रंगवलेली आणि पॅच ब्रशचा. पोत बदलला की उजेडही वेगळा परततो. गडद मॅटमध्ये, म्हणजे चकाकी नसलेल्या रंगात, हे लपतच नाही. उपाय एकच: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवा. नखाएवढ्या ओरखड्यासाठी! संताप येतो.

पलंगामागची एक भिंत निळी, बाकी तीन ऑफव्हाइट, सगळ्या मॅट. ऑफव्हाइटवरही असाच ओरखडा होता, तिथे केलेला टचअप आता शोधावा लागतो.

सुरुवातीला विचारलं असतं तर निळाच सुचवला असता. त्या भिंतीमुळे खोलीला खोली येते, रात्री डोळे निवतात, हे आजही मान्य. फक्त 2700 केल्विनच्या पिवळसर दिव्यात तो जवळजवळ काळा दिसायचा; 4000 केल्विनचा, जास्त पांढऱ्या उजेडाचा बल्ब लावल्यावर निळेपणा परतला.

पण खर्च बघा. गडद शेड ज्या बेसमध्ये (रंगद्रव्य मिसळायच्या मूळ रंगात) बनते त्यात खालचा थर झाकणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड फारच कमी असतं. ऑफव्हाइट दोन हातांत बसला. निळ्याला खाली राखाडी प्रायमर देऊनही तिसरा हात लागला. शिवाय ऑफव्हाइट पडलेल्या उजेडापैकी साधारण चार पंचमांश परत देतो, हा निळा दहावा हिस्साही देत नाही. म्हणजे ढगाळ दुपारी दिवा लावा.

पांढरा मळतो म्हणतात. मळतो, पण ओल्या मऊ कापडाने पुसला की निघतो. निळ्यावरची धूळ जरा जोर लावून पुसली की तिथे चकाकीचा पट्टा उठतो, आणि तो पुसून जात नाही. किंचित चकाकणारं सॅटिन फिनिश घेतलं तर पुसायला सोपं, पण पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दिसणार.

निळा हवाच असेल तर जिथे खुर्ची, डोकं, हात लागत नाहीत अशाच भिंतीला द्या. पलंगामागे नको. मी ही भिंत आता ऑफव्हाइट करणार आहे, आणि त्या निळ्यावर प्रायमरचे किती हात जातील याचीच धास्ती आहे.