रॅमच्या एरर: व्होल्टेज वाढवावं की वेग उतरवावा?

एक्सएमपी (रॅमला कंपनीने ठरवलेल्या जास्त वेगावर चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू केल्यावर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये एरर आल्या, की आधी कॉम्प्युटर बंद करून पॉवरची वायर काढा आणि रॅमची स्टिक काढून पाहा. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या, दमट हवेत सोनेरी पट्टीवर थर धरतो. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग एक्सएमपी बंद ठेवून एकेक स्टिक तपासा. मूळ वेगालाही एरर येते? ती स्टिक बदला, खटपट नको. एरर दरवेळी मेमरीतल्या वेगळ्याच पत्त्यावर आणि तीही फक्त एक्सएमपीवर येत असेल, तर बहुधा दोष सेटिंगचा.

व्होल्टेज वाढवलं तर वेग टिकतो. डीडीआर४ प्रकारच्या रॅमला १.३५ वरून १.३७, फार तर १.४० व्होल्ट. पण उष्णताही वाढते. तापलेल्या मेमरी सेलमधला (एक बिट साठवणारा कप्पा) चार्ज लवकर गळतो आणि रिफ्रेश व्हायच्या, म्हणजे तो पुन्हा भरला जायच्या आत बिट उलटतो. म्हणूनच जानेवारीत पास झालेली सेटिंग मे महिन्यातल्या दुपारी, शेजारी ग्राफिक्स कार्ड तापलेलं असताना फेल होते. चाचणी त्याच वेळी घ्या, पहाटे नव्हे.

वेग उतरवणं सोपं: ३६०० एमटी/सेकंद वरून ३४६६, नाहीतर ३२००, टायमिंगचे (प्रत्येक कामासाठी मेमरी घड्याळाचे किती ठोके थांबते, त्याचे) आकडे तेच. घड्याळ मंदावल्याने प्रत्येक टायमिंगला जास्त वेळ मिळतो, प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा ताणही उतरतो. चार स्टिक असतील तर हाच मार्ग. गेममध्ये थोडे फ्रेम जातात. हिशेब, ब्राउझिंगला फरक जाणवत नाही.

एसी नसलेल्या खोलीत वेगच उतरवा. मेमटेस्ट८६च्या चारही पासमध्ये (पूर्ण फेऱ्यांमध्ये) शून्य एरर हवी. एक एररही चालवून घेऊ नका, फोटो आणि फायली गुपचूप खराब होतात.