पोर्शे ९१४ च्या नवीन क्लच आणि थ्रॉटल वायरचा रिव्ह्यू : वायर चांगलीये, पण आधी पाइप बघा

माझ्याकडे इथे कॅलिफोर्नियात १९७३ ची पोर्शे ९१४ आहे, दोन लिटरवाली. तिच्यासाठी ऑनलाइन मागवलेला क्लच वायर आणि थ्रॉटल (म्हणजे रेसची) वायर यांचा जोड आता बऱ्यापैकी वापरून झालाय म्हणून लिहितोय. आपली बरीच मंडळी इकडे जुन्या एअर-कूल्ड गाड्या घ्यायला लागलीयत आणि सारखं विचारतात की क्लच पूर्ण दाबला तरी रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो, मग कुठली वायर घेऊ? वायरचं सांगतोच, पण पैसे टाकायच्या आधी ती वायर ज्यातून जाते तो पाइप बघा.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी : फोक्सवॅगन आणि पोर्शेने मिळून काढलेली, १९६९ ते १९७६, इंजिन सीटच्या मागे आणि गिअरबॉक्स त्याच्याही मागे. म्हणजे पेडल पुढे आणि क्लच पार मागे, आणि मध्ये हायड्रॉलिक वगैरे काही नाही, बोगद्यातल्या (गाडीच्या तळात मधोमध असलेल्या लांब पोकळीतल्या) पाइपातून जाणारी एक तार, ती मागे गिअरबॉक्सवरच्या पुलीवरून वळून क्लचच्या फोर्कला, म्हणजे क्लच सोडवणाऱ्या दांड्याला, लागते. जुनी बजाज चेतक स्कूटर चालवलेल्या माणसाला हे लगेच कळेल, तत्त्व तेच, फक्त तार लांब आणि जोर कितीतरी जास्त.

आता हा पाइप आत बोगद्याला छोट्या वेल्डने धरलेला असतो आणि त्याला वळणं आहेत. तुम्ही क्लच दाबला की तार ताणली जाते, ताणली की ते वळण सरळ व्हायला बघतं, आणि तो सगळा जोर त्या वेल्डवर येतो. पन्नास वर्षं असं झाल्यावर वेल्ड सुटतो, बहुतेक वेळा मागच्या फायरवॉलपाशी (सीट आणि इंजिन यांच्यामधली पत्र्याची भिंत). मग पेडलची निम्मी हालचाल पाइप हलवण्यातच जाते, क्लच पूर्ण सुटत नाही, लोक वायरच्या टोकाचा अ‍ॅडजस्टमेंटचा नट फिरवत बसतात, थ्रेड संपतात आणि शेवटी म्हणतात वायर ताणली. अशा गाडीत जगातली सगळ्यात भारी वायर टाकली तरी गिअर वाजणारच! तपासायला सोपं आहे : इंजिन बंद, गाडी स्टँडवर नीट ठेवलेली, एकाने पेडल दाबायचं आणि दुसऱ्याने खाली जाऊन पाइप फायरवॉलमधून बाहेर येतो तिथे बघायचं. पाइप पेडलबरोबर मागेपुढे होत असेल तर वायर मागवू नका, आधी वेल्डिंगवाला शोधा. आणि हे कृपया मनावर घ्या, मूळ ९१४ मध्ये पेट्रोलच्या प्लास्टिकच्या नळ्या त्याच बोगद्यातून जातात आणि इतक्या वर्षांत त्या कडक होऊन तडकतात. त्या काढल्याशिवाय, टाकी रिकामी केल्याशिवाय तिथे ठिणगी पडू द्यायची नाही, कोणी कितीही म्हणो की दोन मिनिटांचं काम आहे.

पाइप घट्ट असेल तर मग पुली मोकळी फिरते का, पेडलच्या खालचे बुश (फिरत्या भागांमधल्या छोट्या नळ्या) झिजलेत का, फोर्कच्या आतला प्लास्टिकचा बुश शाबूत आहे का, हे बघून घ्या. तिथे थोडं थोडं हरवलेलं सगळं शेवटी पायालाच जाणवतं.

आता वायर. क्लचची वायर मला खूप आवडली. वीण घट्ट, थ्रेड स्वच्छ, नट हाताने शेवटपर्यंत गेला, पाइपात सरकवताना कुठे अडली नाही. सुरुवातीला थोडी बसते, म्हणून काही दिवसांनी पुन्हा अ‍ॅडजस्ट करावी लागते, ते नॉर्मल आहे. पेडल वर थोडं रिकामं राहिलंच पाहिजे, अजिबात फ्री प्ले नसेल तर क्लच सोडवणारं बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच घसरायला लागतो. पुढची पिन मात्र ढिली आली होती, मी दुसरी घातली.

थ्रॉटलच्या वायरला मी कमी मार्क देईन. सरकते मस्त, जुन्या वायरचे पेडलकडच्या टोकाला धागे निघाले होते आणि रेस अधूनमधून चिकटायची, ते पूर्ण गेलं. (हायवेवर रेस अडकली तर क्लच दाबा आणि इंजिन बंद करा, पण चावी लॉकपर्यंत फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल.) पण लांबी किंचित जास्त होती, मागच्या क्लॅम्पमध्ये ती टोकापर्यंत ओढून घ्यावी लागली. बसवल्यावर कोणालातरी पेडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटलची झडप खरंच पूर्ण उघडते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कितीतरी ९१४ अर्ध्या रेसवर फिरतायत आणि मालक म्हणतात गाडीत दमच नाही. पेडलखालचा स्टॉपही असा लावा की पायाचा जोर वायरवर न येता स्टॉपवर येईल, नाहीतर नवीन वायरसुद्धा त्याच टोकाला तुटणार. आणि आत ग्रीस भरू नका, धूळ धरून ठेवतं.

क्लच वायर पाचपैकी साडेचार, थ्रॉटल तीन. ९१४-६ वाल्यांनी मागवताना नीट बघा, सहा सिलेंडरची थ्रॉटल वायर वेगळी येते, ही तुम्हाला चालणार नाही.