आइसवाइन २०१६: गोडासोबत नको, खाऱ्यासोबत घ्या

बाबा निफाडहून पहिल्यांदाच जर्मनीत, माइन्झला आले, तेव्हा आइसवाइनची, म्हणजे वेलीवर गोठलेल्या द्राक्षांच्या गोड वाइनची, जपून ठेवलेली ही बाटली उघडली. जर्मनीतल्याच मोझेल खोऱ्यातली रीसलिंग जातीची पांढरी द्राक्षं, २०१६ चं पीक, ३७५ मिलीची निमुळती बाटली, अल्कोहोल ७ टक्के. किंमत ४५ युरो.

ग्लास नाकाशी नेला की आधी जर्दाळू, मग पिकलेलं अननस, आणि त्यामागून आमच्या आजीच्या साखरांब्याच्या बरणीचं झाकण उघडल्यासारखा वास. पहिला घोट पाकासारखा जिभेवर पसरतो. आता तोंड चिकट होणार असं वाटतं, तेवढ्यात लिंबाची लख्ख आंबट धार येते. गिळल्यावर तोंडाला पाणी सुटतं. माझ्या मते या वाइनचे पैसे त्या आंबटपणाचे आहेत. गोड वाइन काय, कितीतरी स्वस्तात मिळते.

आइसवाइनसाठी द्राक्षं वेलीवरच गोठली पाहिजेत, फ्रीझरमध्ये घालून चालत नाही. पारा उणे ७ अंशांपर्यंत उतरला की अंधारातच तोडणी सुरू होते आणि घड गोठलेले असतानाच दाबतात. पाण्याचा बर्फ आतच राहतो. साखर आणि आंबटपणा एकवटलेला थोडासा रस तेवढा बाहेर येतो. थंडी येईपर्यंत पाखरं आणि कूज यांतून वाचेल तेच पीक. २०१९ च्या हंगामात तर अख्ख्या जर्मनीत पुरेशी थंडीच पडली नाही, त्या सालची आइसवाइन कुणाचीच झाली नाही.

हे सांगत होते तर बाबा घोट तसाच धरून बसले. निफाडला पारा उतरला की द्राक्षांचे मणी तडकतात, त्यांची फुगवण थांबते, म्हणून आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचो. म्हणाले, "अगं, आपण थंडी पडू नये म्हणून रात्र जागतो, अन् ही माणसं ती पडावी म्हणून जागतात!" मग ग्लास पुढे केला, "अजून थोडी दे."

आता सोबत काय खायचं. लग्नाच्या वाढदिवसाला एका हॉटेलात आम्हाला ही चॉकलेट केकबरोबर दिली होती. केक वाइनपेक्षा गोड, त्यामुळे वाइन नुसती आंबट लागली. इतकी महाग चीज वाया गेली याचं अजून वाईट वाटतं. घरी श्रीखंडाबरोबर घेतली तेव्हाही तेच झालं. निळ्या बुरशीचं खारट चीज मात्र घ्याच. गोर्गोन्झोलाचा लहानसा तुकडा जिभेवर विरघळू द्यावा आणि वर एक घोट. चीजचा खारटपणा आणि उग्रपणा दोन्ही मवाळ होतात, जर्दाळू आणखी उठून दिसतो. बाबांना चीज झेपलं नाही. त्यांनी खारे काजू घेतले, तेही छान जमलं. गोडच हवं असेल तर कमी साखरेचा, आंबट सफरचंदाचा टार्ट करा.

साधारण ८ ते १० अंशांवर, लहान ग्लासात द्या. सहा जणांना एक बाटली पुरते. आमच्याकडे तिघांत संपली.