भोक पाडलं की माल तुमचा: टपावरच्या फेअरिंगच्या शीटमध्ये झालेली फसवणूक

गाडीच्या टपावरच्या कॅरिअरसाठी घरीच फेअरिंग (वारा वर वळवणारी तिरकी शीट) बनवायचा विचार असेल तर जरूर बनवा, काम अवघड नाही. पण शीट विकत घेण्याआधी हे वाचा. माझी फेअरिंग ताशी नव्वदच्या वेगात तुटली. तिचा हातभर लांबीचा तुकडा मागून येणाऱ्या मोटारसायकलच्या पुढ्यात पडला. त्या माणसाने अंतर राखलं होतं म्हणून तो वाचला. ज्या शीटवरच्या संरक्षक फिल्मवर 'पॉलिकार्बोनेट' (सहज न फुटणारं चिवट प्लॅस्टिक) असं ठळक छापलेलं होतं, ती पॉलिकार्बोनेट नव्हतीच.

सुरुवात झाली कॅरिअरच्या आवाजापासून. माझ्या कॅरिअरचे आडवे दांडे गोल पाइपचे आहेत, जाडी २५ मिलिमीटर. ताशी सत्तरच्या पुढे गेलं की टपावर कोणीतरी शंख फुंकत बसल्यासारखा घूं-घूं आवाज सुरू व्हायचा आणि गाडी हळू होईपर्यंत थांबायचा नाही. गोल दांड्याला धडकलेला वारा मागच्या बाजूला आलटून पालटून वर-खाली भोवरे सोडतो, त्यातून हा सूर निघतो. २५ मिलिमीटरच्या पाइपवर ताशी ८० ला सेकंदाला साधारण १८० भोवरे सुटतात. लांबच्या प्रवासात चार-पाच तास हा आवाज ऐकला की डोकं भणभणतं. मागच्या सीटवर आई असायची, ती कानावर पदर घ्यायची.

पुढच्या दांड्यासमोर तिरकी शीट बसवली की वारा टपावरूनच उचलला जातो आणि दांड्यावरून निघून जातो. शीटची खालची कड रबर बीडिंग लावून टपाला जेमतेम टेकवायची, वरची कड दांड्याच्या थोडी वर ठेवायची, आणि सगळा भार क्लॅम्पमधून दांड्यावर द्यायचा. एवढंच तंत्र आहे. मी आधी पुठ्ठ्याचा साचा कापून टपाच्या गोलाईला जुळवला. तो जुळायला दोन सुट्ट्या गेल्या, आणि तो वेळ अगदी सार्थकी लागला.

शीटचा आकार ठरला ११० सेंटिमीटर बाय २५. एवढ्या शीटवर वारा किती जोर लावतो याचा हिशेब मी आधीच केला होता. ताशी १०० ला ती वाऱ्यासमोर उभी धरली तर साधारण १३ किलोचा रेटा बसतो, १२० ला जवळपास १९ किलोचा. तिरकी ठेवल्यावर आकडा बदलतो, पण वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो हे कायम. वर हा रेटा स्थिर नसतो. समोरून ट्रक गेला की धक्का, पुलावर आडवा वारा, आणि खड्ड्यात आदळलेली गाडी. म्हणूनच पॉलिकार्बोनेट घ्यायचं असं मी पक्कं केलं होतं. ते वाकतं, पण काचेसारखं फुटत नाही.

विकणारा ऑनलाइन सापडला. मापाप्रमाणे कापलेली, धुरकट रंगाची, चार मिलिमीटर जाडीची, उन्हापासून संरक्षणाचा थर दिलेली शीट, सोबत स्टेनलेसचे क्लॅम्प. जाहिरातीत एक माणूस शीटवर हातोडा मारून दाखवत होता. फोनवरचं बोलणं गोड होतं. "साहेब, तुम्हीही हातोडा मारून बघा, काही होणार नाही." मी विचारलं, पसंत नाही पडली तर? तो म्हणाला, दहा दिवसांत परत पाठवा, फक्त दोन्ही बाजूंची फिल्म काढू नका आणि शीटला भोक पाडू नका. मला ती अट वाजवी वाटली. कापलेला, भोकं पाडलेला माल कोण परत घेईल? पण ओळख पटवायच्या सगळ्या खुणा फिल्म काढल्यावर किंवा शीटला हत्यार लावल्यावरच दिसतात. ती दिसेपर्यंत परतीचा हक्क गेलेला असतो. सगळी फसवणूक त्या एका अटीत होती.

इंधनाचंही त्याने सांगितलं होतं: फेअरिंगमुळे पंधरा टक्के बचत. त्या वेळी मी याकडे लक्ष दिलं नाही, मला आवाजाशी मतलब होता. खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक संकेतस्थळावर, टपावरच्या मोठ्या बोथट पेटीमुळे महामार्गावर मायलेज ६ ते १७ टक्के आणि त्याहून जास्त वेगात १० ते २५ टक्के घटतं असे आकडे आहेत. ते नुकसान पेटीचं आहे. त्याने तसलाच आकडा उचलून फेअरिंगची कमाई म्हणून सांगितला. फेअरिंगने आवाज कमी होतो. इंधन वाचवायचं असेल तर गरज नसताना कॅरिअर उतरवून ठेवणं हाच खरा उपाय.

शीट आली. जाडी मोजली नाही, ही पहिली चूक. कडा जिगसॉने (विजेच्या करवतीने) थोड्या कापून घ्याव्या लागल्या, तेव्हा फळासारखा गोडसर वास आला. मला वाटलं फिल्मचा असेल. भोकं पाडताना ड्रिलच्या बिटाभोवती लांब, पिळदार साल निघायला हवी होती. निघाले ते पांढरे कण आणि बारीक टवके. एका भोकाच्या कडेला नखाएवढी कपची उडाली. मी बिटाला दोष दिला. सोबत आलेल्या सूचनापत्रात लिहिलं होतं की लोखंडाचं साधं बिट चालेल आणि बोल्ट घट्ट आवळा, शीटला काही होत नाही. मी आवळले.

आवाज गेला, हेही सांगायला हवं. पहिल्या फेरीत आई म्हणाली, आज गाडी किती शांत चालतेय. पुढचे पंचवीस-सव्वीस दिवस मी भेटेल त्याला फेअरिंग दाखवत होतो. दोघांना त्याच विक्रेत्याचा नंबर दिला. दोघांनाही नंतर फोन करून शीट उतरवायला सांगितलं. एकाने उतरवली, दुसऱ्याच्या शीटला भोकापासून दोन बोटं लांब तडा गेलेलाच होता.

माझी तुटली ती दुपारच्या उन्हात. फटाका फुटावा तसा आवाज झाला, पाठोपाठ टपावर खडखडाट. आरशात काळा तुकडा गिरक्या घेत जाताना दिसला आणि मागची मोटारसायकल डावीकडे झुकली. माझे हातपाय गार पडले. गाडी कडेला घेऊन धावत मागे गेलो. तो माणूस थांबला होता, हेल्मेट काढून माझ्याकडे नुसता बघत होता. मी हात जोडले. तो म्हणाला, "दादा, मागे पोरगी बसलीय माझी." एवढंच बोलला आणि निघून गेला. त्याचा राग मला परवडला असता.

रस्त्यावरचे तुकडे गोळा केले तेव्हा सगळं कळलं. कडा काचेसारख्या धारदार, टोकदार त्रिकोण. पॉलिकार्बोनेट असं फुटत नाही. घरी येऊन एक बारीक पट्टी कापून चिमट्यात धरली आणि अंगणात पेटवली. ती शांतपणे जळत राहिली, धूर जवळपास नाही, आणि जिगसॉच्या वेळचा तोच गोडसर वास. हे अॅक्रिलिक, काचेसारखं तडकणारं दुसरं प्लॅस्टिक. पॉलिकार्बोनेट काळा, काजळीचा धूर सोडतं आणि ज्योत दूर नेली की सहसा आपोआप विझतं. मग जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: तीन मिलिमीटर. तीन आणि चारमध्ये फरक एकाच मिलिमीटरचा वाटतो, पण शीटचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तीनची शीट चारच्या निम्म्याहूनही कमी ताठ असते. ती वाऱ्यात फडफडत होती आणि प्रत्येक फडफड कपची उडालेल्या त्या भोकावर येत होती. वर मी बोल्ट घट्ट आवळलेले. प्लॅस्टिक उन्हात लोखंडाच्या कितीतरी पट पसरतं. एवढ्या लांबीची शीट चाळीस अंशांच्या फरकात दोन-तीन मिलिमीटर वाढते, आणि तिला सरकायला जागा नसली तर ताण भोकाच्या कडेवर येतो.

विक्रेत्याला फोन केला, फोटो पाठवले. आवाजात काहीच फरक नाही. "साहेब, भोक पाडलंय ना? मग माल वापरलेला झाला." मी म्हटलं, भोक पाडल्याशिवाय फेअरिंग बसते कशी? "ते आम्ही आधीच सांगितलं होतं." जाळून बघितल्याचं सांगितल्यावर म्हणाला की शीट जाळायला दिलेली नसते. त्यानंतर फोन उचलला नाही. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली तिथेही तक्रार केली, उत्तर तेच आलं: वापरलेली वस्तू. क्लॅम्पला पहिल्याच पावसात गंज धरला. घेताना चुंबक लावून बघितला होता, चिकटला नव्हता म्हणून खूश झालो होतो. तेवढ्यावर भरवसा ठेवू नका. हलक्या प्रतीचं २०० मालिकेतलं स्टेनलेसही चुंबकाला फारसं दाद देत नाही, आणि ते ३०४ या चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसपेक्षा लवकर गंजतं.

दुसऱ्यांदा शीट घेताना मी आधी त्याच शीटची कापून उरलेली पट्टी मागितली. दोन बोटं रुंद, वीतभर लांब. पट्टी द्यायला जो नाही म्हणाला, त्याच्याकडून घेतली नाही. एक नाही म्हणालाच. पट्टी मिळाली की डोळ्यांना चष्मा लावा, पट्टी फडक्यात गुंडाळा आणि शेगड्याच्या (बेंच व्हाइसच्या) जबड्यात धरून काटकोनापर्यंत वाकवा. पॉलिकार्बोनेट वाकतं, वाकलेल्या जागी पांढुरकं होईल फार तर. अॅक्रिलिक काडकन तुटतं. वजनाने ओळखायला जाऊ नका, दोघांची घनता जवळपास सारखीच आहे. पारदर्शक किंवा धुरकट शीट असेल तर फिल्म काढून संगणकाच्या उजळ पडद्यापुढे धरून पोलराइज्ड गॉगलमधून बघा. पॉलिकार्बोनेटमध्ये बहुधा इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, ओतीव अॅक्रिलिकमध्ये जवळपास काहीच नाही. पण माझा भरवसा वाकवण्यावरच. जाडी फिल्म सोलून मोजा. आणि उन्हाचा थर कोणत्या बाजूला आहे ते फिल्मवर छापलेलं असतं, फिल्म काढण्याआधी त्या बाजूला खूण करा. तीच बाजू आकाशाकडे राहायला हवी, नाहीतर शीट पिवळी पडून ठिसूळ होते.

बसवताना या वेळी सहा मिलिमीटरच्या बोल्टला नऊ मिलिमीटरची भोकं पाडली, दोन्ही बाजूंना रुंद रबरी वॉशर घातले, आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा) वॉशरला टेकल्यावर जेमतेम पाव फेरा दिला. नट ढिला होऊ नये म्हणून लावतात तो धागाबंद द्रव शीटजवळ येऊ दिला नाही, त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात. भोकं कडेपासून दोन बोटं आत. त्याशिवाय शीटच्या दोन्ही टोकांना वेगळी भोकं पाडून बारीक स्टीलची तार ओवली आहे आणि ती दांड्याला स्वतंत्र बांधली आहे, क्लॅम्पला नाही. पेट्रोल भरायला थांबलो की आधी उतरून ती तार हाताने ओढून बघतो.