पोलादी सेंटची चकचकीत कड आणि माझे 662 डॉलर

गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून यंदाच्या जानेवारीपर्यंत 1943 च्या पोलादी सेंटच्या, म्हणजे अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्याच्या, व्यवहारात माझे 662 डॉलर गेले. हे लिहायला मला लाज वाटते, कारण भोसरीत नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवणाऱ्या कारखान्यात मी सहा वर्षे काढली आहेत आणि फसलो तो नेमका जस्ताच्या मुलाम्यातच. तरीही लिहितो, कारण तो विक्रेता आजही तशीच नाणी विकतो आहे आणि इथे न्यू जर्सीत माझ्या ओळखीच्या आणखी एका मराठी गृहस्थांनी त्याच्याशी बोलणी सुरू केल्याचे मला परवा कळले.

युद्धकाळातील नाणी हा माझा जुना विषय आहे. आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात 1943 चा भोकाचा पैसा होता, तिथून सुरुवात झाली. त्याच वर्षी अमेरिकेने तांबे दारूगोळ्यासाठी राखून ठेवले आणि सेंट जस्ताचा थर दिलेल्या पोलादाचा पाडला, हे समजल्यावर तो जमवावासा वाटणे साहजिक होते. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन टांकसाळींतून मिळून 109 कोटींहून अधिक पोलादी सेंट बाहेर पडले, तेव्हा हे नाणे दुर्मीळ मुळीच नाही. मोल असते ते अवस्थेला. वापरातला सेंट काळपट पडतो, गंजतो आणि किरकोळ भावात मिळतो; न वापरलेल्या, मूळ झळाळी टिकलेल्या सेंटला मात्र कित्येक डॉलर मोजावे लागतात. मग कोणीतरी गंजकी नाणी आम्लात धुतो, त्यांवर पुन्हा जस्त चढवतो आणि नवी म्हणून पुढे करतो.

माझ्या विक्रेत्याने आधी तिन्ही टांकसाळींचा एकेक सेंट मला 24 डॉलरला दिला. ती तीन नाणी अस्सल होती, हे मी आजही सांगतो. महिनाभराने त्याने प्रत्येक टांकसाळीचा पन्नास नाण्यांचा एक असे तीन रोल देऊ केले. ते एका वृद्ध बँक कर्मचाऱ्याच्या घरातून निघाले आहेत, असे तो म्हणाला. किंमत 495 डॉलर होती, पण पैसे ओळखीतल्या माणसाला पाठवतो तसे पाठवले तर 15 डॉलर कमी करतो, असे त्याने सांगितले आणि मी तसे पाठवले. टपालखर्चाचे 14 धरून 494 डॉलर झाले. त्या 15 डॉलरच्या सवलतीपायी पैसे परत मागण्याचा माझा हक्क गेला. असे पैसे कोणीही पाठवू नयेत, विक्रेता कितीही गोड बोलत असला तरी.

आता ज्या क्षणाने मला रात्र रात्र जागवले, त्याविषयी. पार्सल उघडले तेव्हा नाणी पारदर्शक नळ्यांमध्ये होती. मी पहिली नळी दिव्यासमोर आडवी धरली. पन्नास नाण्यांच्या कडा एकीला एक लागून दिसत होत्या आणि सगळ्या एकसारख्या, पांढऱ्याशुभ्र चकाकत होत्या. गंजाचा एक ठिपका नव्हता. मी पत्नीला हाक मारून म्हणालो, "बघ, ऐंशी वर्षांत यांना हवासुद्धा लागलेली नाही." नळी तिथेच खाली ठेवायला हवी होती. टांकसाळीत जस्त चढवले होते ते पोलादाच्या पट्ट्यांवर. चकत्या त्या पट्ट्यांतून नंतर कापल्या गेल्या. म्हणून अस्सल सेंटच्या दोन्ही तोंडांवर जस्त असते, पण कडेला उघडे पोलाद असते, राखाडी, मंद, आणि गंज धरतो तोही बहुधा तिथूनच. कडेवरही जस्त चकाकत असेल, तर ते नाणे पाडल्यानंतर पुन्हा मुलाम्याच्या टाकीत गेलेले आहे. बॅरलमध्ये टाकलेल्या मालावर मुलामा सर्व बाजूंनी बसतो, हे मी सहा वर्षे रोज पाहिले होते. तरी त्या संध्याकाळी मला फक्त चमक दिसली.

माझ्या बाजूने एवढेच सांगतो की मी आंधळेपणाने घेतले नाही. मी चुंबक लावला, वजन केले. पण अस्सल आणि पुन्हा मुलामा दिलेली, दोन्ही नाणी चुंबकाला चिकटतात. तांब्याचा मुलामा देऊन 1943 चा दुर्मीळ तांब्याचा सेंट म्हणून विकलेले पोलादी नाणे ओळखायला चुंबक उपयोगी पडतो, इथे नाही. वजनही अस्सलच्या 2.7 ग्रॅमच्या आसपासच भरले. उपयोगी पडते ते दहापट भिंग. अस्सल नाणे दिव्याखाली फिरवले की झळाळीचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. मुलामा दिलेले नाणे नुसते सपाट चकाकते, त्याची अक्षरे मऊ पडलेली असतात आणि लिंकनच्या गालावर गंजाने पाडलेले बारीक खड्डे चमकीच्या खाली तसेच राहिलेले असतात.

हे मला कळले तेव्हा उशीर झाला होता. सहा नाणी प्रमाणीकरणासाठी पाठवली, त्याचे 168 डॉलर झाले, आणि सहाही "पृष्ठभागात फेरफार" या शेऱ्यासह परत आली. विक्रेत्याने उत्तर देणे बंद केले.

त्यानंतर जे सुरू झाले त्याचा संताप मला फसवणुकीपेक्षा जास्त आहे. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने सांगितले की पैसे तुम्ही स्वेच्छेने दिले. पोलीस ठाण्यातील अधिकाऱ्याने नळी हातात घेतली आणि विचारले, "पण ही नाणी खरीच आहेत ना?" मी हो म्हणताच त्याच्यापुरते प्रकरण संपले. ग्राहक तक्रारींच्या सरकारी कार्यालयाने सात आठवड्यांनी छापील पत्र पाठवले की विक्रेता दुसऱ्या राज्यातील असल्यामुळे तेथे अर्ज करावा. तेथे अर्ज केला, तर त्यांनी तो पोलिसांकडे नेण्यास सांगितले. अमेरिकेत 1973 पासून नकली नाण्यांवर "कॉपी" असे उमटवण्याची सक्ती करणारा कायदा आहे, त्याचाही मी दाखला दिला. उत्तर आले की हे नाणे सरकारी टांकसाळीचेच आहे, त्यामुळे ते नकली ठरत नाही. म्हणजे न वापरलेले म्हणून पैसे घेऊन धुतलेले, रंगरूप बदललेले नाणे दिले, तर दाद कोठे मागायची, हे एकाही कार्यालयाने मला सांगितले नाही. प्रत्येक ठिकाणी मी भिंग, अस्सल नाणे आणि परत आलेली सहा नाणी घेऊन गेलो होतो. भिंगातून पाहण्याची तसदी कोणीही घेतली नाही.

विक्रेता कडेचा जवळून काढलेला फोटो देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पुन्हा मुलामा दिलेले सेंट तसे स्पष्ट सांगून स्वस्तात विकणारेही आहेत, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही.

गेल्या महिन्यात एका दुकानदाराने माझ्या दीडशे नाण्यांचे एकत्र 45 डॉलर देऊ केले. मी तिन्ही नळ्यांवर "पुन्हा मुलामा दिलेली" असे इंग्रजीत लाल शाईने लिहिले होते. ते पुसून द्या, अशी त्याची अट होती. मी नळ्या घरी परत आणल्या.