वेताळ टेकडी : जानेवारी ते ऑक्टोबरचा अनुभव

जिमची फी वाचवायची म्हणून जानेवारीत टेकडी सुरू केली. तिकीट नाही, पास नाही, आणि पुण्यातली सगळ्यात उंच टेकडी घरापासून चालत. चढ, खाण, देऊळ, मोर याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय. मी लिहितोय ते उंदीरमारीबद्दल, कारण माझं मत दर वेळी तिच्यापाशीच अडतं.

उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प. मूळ मध्य अमेरिकेतलं झाड, डोंगर लवकर हिरवा व्हावा म्हणून वनीकरणात लावलेलं. फांदी खोवली तरी जगतं. फेब्रुवारीत गुलाबी बहर येतो, फोटो छान येतात. खाली मात्र नुसता पाचोळा. त्यापेक्षा आपली मेडशिंगी बघा. तिची वाकडी, शिंगासारखी शेंग वाळून उकलली की आतलं पंखवालं बी वाऱ्यावर निघून जातं. सालई, हिवरही आहेत, पण शोधावे लागतात.

जूनमध्ये मी जरा मवाळ झालो. पहिल्या पावसानंतर नवरंगाची दोन सुरांची शीळ आली, आणि पक्षी दिसला तो उंदीरमारीखालीच, पाचोळा उलटवून किडे वेचताना. हिरवी पाठ, शेपटीखाली लालभडक. त्या दिवशी पाचपैकी पाच तारे देणार होतो.

ऑक्टोबरमध्ये एक तारा कापला. माथ्यावर मोकळ्या जागी गुडघाभर गवत, त्यात कोळ्यांची जाळी, वर चंडोल गातोय. दहा पावलं उंदीरमारीत शिरलं की हे सगळं बंद. गवताला ऊन लागतं, आणि चंडोल घरटं करतो ते जमिनीवर, गवताच्या आडोशाला. ही टेकडी मुळात गवताची आणि विरळ पानगळीच्या झाडांची. उन्हाळ्यात ती पिवळी पडते म्हणजे उजाड झाली असं नव्हे.

जाताना जुनी फुलपँट आणि जाड मोजे घाला. कुसळी गवताचं बी ओलं झालं की पीळ सुटून कापडात शिरतं. माझे चांगले मोजे त्यातच गेले.

आणि पावसाळ्यात कुणी वृक्षारोपणाला बोलावलं तर दोन गोष्टी विचारा : रोप कुठलं, आणि खड्डा गवतात तर नाही ना? गवतात असेल तर मी कुदळ उचलणार नाही.