थिंफूची भाजी मंडई – भूतानला गेलात तर अर्धा दिवस हिच्यासाठी काढाच

एप्रिलमध्ये आम्ही चौघं भूतानला जाऊन आलो. पारो, टायगर्स नेस्ट, पुनाखा सगळं छानच आहे, त्याचे रिव्ह्यू भरपूर मिळतील, मी लिहितेय राजधानी थिंफूच्या सेंटेनरी फार्मर्स मार्केटबद्दल, म्हणजे तिथल्या भाजी मंडईबद्दल. आमच्या टूरवाल्याने प्लॅनमध्ये घेतलीच नव्हती, विचारलं तर म्हणे मंडईत काय बघायचंय, आणि सुवेनियरच्या दुकानात दोन तास घालवले. शेवटी शनिवारी सकाळी आम्हीच चालत गेलो.

वांगछू नदीच्या काठावर दोन मजली इमारत आहे, 2008 मध्ये तिथल्या राजघराण्याच्या शंभरीनिमित्त बांधलेली. खालच्या मजल्यावर भारतातून आलेला माल आणि वर भूतानच्या शेतातला. खाली कांदे, बटाटे, टोमॅटो, केळी, सगळं जयगाव-फुंटशोलिंगच्या बॉर्डरवरून ट्रकने डोंगर चढून येतं. डिसेंबर 2023 मध्ये आपल्याकडे कांद्याची निर्यातबंदी झाली, लासलगावला शेतकरी रस्त्यावर आले ते आठवत असेल, नंतर भूतानसाठी सरकारला थोडा कांदा वेगळा सोडावा लागला. तेव्हा ती बातमी मी नुसती वाचली होती, त्या गोणी बघितल्यावर कळलं की कुणाच्या घरातली फोडणी किती लांबून येते. आणि लोकसंख्या म्हणाल तर अख्ख्या देशाची आठ लाखसुद्धा नाही, आपलं सोलापूर शहर मोठं पडेल.

वरचा मजला मात्र बघतच राहावा असा. तांबडा तांदूळ, वाळलेल्या लालभडक मिरच्यांचे ढीग, अ‍ॅस्परॅगस, आणि नाके म्हणून एक रानभाजी, नेच्याचे कोवळे कोंब, टोकाला गोल गुंडाळलेले. छुगो म्हणजे याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज, दोऱ्यात माळेसारखं ओवलेलं, खारकेपेक्षा टणक, माझ्या मुलीने एक तुकडा तासभर चघळला. वरचा माल खालच्यापेक्षा महाग आहे पण घासाघीस करायचं मन होत नाही, डोंगरउतारावरची एवढी एवढीशी शेतं आणि राबायला माणूस नाही.

नाकेची जुडी घेतली त्या आजींनी ती कशी करायची ते हिंदीत समजावलं, आधी उकळून पाणी टाकून दे, मग चीज आणि मिरची. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. इथे शिकला, फी भरावी लागली नाही, दवाखानाही फुकट, पण नोकरी नाही म्हणून गेला, असं त्या जुडी बांधता बांधताच म्हणाल्या. शेजारच्या बाईंची भाचीपण तिकडेच. मला फार वाईट वाटलं, कोकणातली बंद घरं डोळ्यासमोर आली. नदीच्या पाण्यावर वीज करून भारताला विकणारा देश, 13 डिसेंबर 2023 ला संयुक्त राष्ट्रांच्या अतिमागास देशांच्या यादीतून बाहेर पडला, कपडे नीटनेटके, रस्त्यावर भीक मागताना आम्हाला कुणी दिसलं नाही, आणि तरी पोरं टिकत नाहीत. वीज प्रकल्प उभे राहिले तरी त्यात कायमच्या नोकऱ्या कितीशा निघणार, आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की तीच वीज परत आपल्याकडून विकत घ्यावी लागते.

भारतीयांना दर माणशी दर रात्रीचे 1200 रुपये सरकारी शुल्क आहे, आमचे पाच रात्रींचे 24,000 झाले. आधी मला जड गेलं होतं. आजींशी बोलून आल्यावर नाही गेलं, शाळा-दवाखाने फुकट ठेवायचे तर पैसा कुठून तरी यायलाच हवा.

कामाच्या गोष्टी: पिशवी घरून न्या. नुलट्रम (तिथलं चलन) आणि रुपया एकास एक, रोख रुपये आमच्याकडून सगळ्यांनी घेतले. भारतातल्या हिरव्या मिरचीवर भूतानमध्ये 2016 पासून फवारणीच्या औषधांच्या अंशामुळे बंदी आलीय, तर ठेचा करायला मिरच्या घ्यायच्या तर वरच्याच घ्या, जपून, जहाल आहेत. स्वच्छता आपल्या कुठल्याही मंडईपेक्षा चांगली, फक्त जिना गर्दीत अरुंद पडतो, वयस्कर माणसं असतील तर सकाळी लवकर जा. पाचपैकी पाच देतेय.

तांबडा तांदूळ दोन किलो आणलाय. पाणी जरा जास्त घाला आणि कुकरला दोन शिट्ट्या जास्त द्या, बटाट्याच्या रश्शाबरोबर मस्त लागतो.